आखाजीच्या आत: खान्देशातल्या जुन्या गाडीची निगा

खान्देशातल्या जुन्या गाड्या वयामुळे भंगारात जात नाहीत, तापल्यामुळे जातात. मारुती ८००, ऑल्टो, जुनी वॅगन आर, झेन, सँट्रो या गाड्यांची इंजिनं नीट वापरली तर दीड-दोन लाख किलोमीटर सहज ओढतात. तरी दर मे महिन्यात गॅरेजच्या दारात बोनेट उघडं टाकलेल्या गाड्यांची रांग लागते. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेलेलं असतं, हेड वाकलेलं असतं आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकाने हात टेकलेले असतात. मागे जाऊन पाहिलं तर सुरुवात दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूपासून झालेली असते: रेडिएटरचं झाकण, एखादा होस (पाण्याची रबरी नळी), फॅनचा स्विच.

म्हणून आपल्याकडे गाडीच्या कामांचं वर्ष सणांवर बसवावं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पाणी, बॅटरी, टायर. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आत ब्रेक, वायपर, गंज. दिवाळी झाली आणि कापूस घरात यायला लागला की एअर फिल्टर आणि रेडिएटरच्या जाळीची सफाई. आखाजीला लेकीबाळींना आणायला-सोडायला गाडी भर दुपारी, भरगच्च भरून, ४४-४५ अंशांत धावते. गाडीची खरी परीक्षा त्या आठवड्यात असते, तेव्हा तयारी मार्चमध्येच उरकलेली बरी.

पाणी: सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त लक्ष इथेच

रेडिएटरमध्ये साधं पाणी घालायची सवय आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची आहे. तापी-गिरणेच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी जड असतं. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर साचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो, फरक इतकाच की तो दिसत नाही. नळ्या अरुंद झाल्या की पाणी भरलेलं असूनही गाडी तापते आणि मालक म्हणतो, 'पाणी तं फुल्ल शे, मंग काटा कसा काय वर जास?'

कूलंट घालायचं ते फक्त थंडीत पाणी गोठू नये म्हणून नव्हे. गोठण्याची भीती आपल्याला नाहीच. कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो, आतला ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजत नाही आणि वॉटर पंपाचं सील टिकतं. बाजारात दोन प्रकार मिळतात. तयार मिश्रण तसंच ओतायचं असतं. घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळायचं असतं. दुकानातून आणताना डब्यावर नीट वाचा, कारण घट्ट कूलंट तसंच ओतलं तर गाडी उलट जास्त तापते: पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं तेवढी निव्वळ कूलंट नेत नाही. छोट्या मारुतीत एकूण साडेतीन ते चार लिटर बसतं. वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या कंपन्यांची कूलंट एकमेकांत मिसळू नका. आत गाळ धरतो.

बदलायची रीत अशी. गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, रेडिएटरचं झाकण काढा. खालचा ड्रेन प्लग उघडा. जुन्या गाडीत तो गंजून अडकलेला असला तर ताकद लावू नका, खालच्या होसचा क्लिप सैल करून होस उतरवा. निघालेलं कूलंट घमेल्यात धरा आणि जनावरं, कुत्री जातील तिथे ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गोठ्याजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मग डिस्टिल्ड वॉटर भरा, डॅशबोर्डवरचा हीटरचा खटका पूर्ण लाल बाजूला न्या, गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, बंद करा, थंड होऊ द्या, पाणी काढा. हीटर उघडा ठेवला नाही तर हीटरच्या नळ्यांतलं जुनं पाणी तिथेच राहतं. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करा. तांबूस पाणी दोनदा धुऊनही येत राहिलं तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्यावा. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवता येते आणि तो पुन्हा झाळता येतो. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर असेल तर तो बदललेलाच बरा.

नवीन कूलंट हळूहळू ओता. गाडीचं तोंड चढावर असेल असं लावा म्हणजे हवा वर येते. वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडला की वरचा होस एकदम गरम लागतो आणि पातळी पुन्हा घसरते. पातळी स्थिर झाली की झाकण लावा, बाजूच्या बाटलीत खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये भरा. गाडी फिरवून आणा, फॅन सुरू होऊन बंद होतो का पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी पुन्हा तपासा. हे शेवटचं काम बहुतेक लोक करत नाहीत. आत राहिलेली हवा रात्रीतून वर येते आणि पाव-अर्धा लिटर कमी झालेलं आढळतं.

आता झाकण. ते उलटं करून उन्हात धरा. कडेला रबराचं मोठं वायसर असतं, मधोमध बटणाएवढी पितळी चकती. रबरावर चिरा, खोल खाच किंवा पांढरा थर असेल तर झाकण गेलं. मधली चकती नखाने ओढा: ती हलली पाहिजे आणि सोडल्यावर चटकन परत बसली पाहिजे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं. हा दाब टिकला तर आतलं साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. रबर गेलं की दाब जातो, पाणी १०० लाच उकळतं आणि बाटलीतून बाहेर फेकलं जातं. मधली चकती अडकली असेल तर वेगळीच खूण दिसते: रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होस सकाळी आत ओढला जाऊन चपटा झालेला असतो. बाटलीत कूलंट असूनही रेडिएटर रिकामा राहण्याचं कारण हेच. झाकण बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण चांगलं असं समजून लावलं तर जुने होस फाटतात.

होस दाबून पाहा. फुगलेला, चिकट, किंवा दाबल्यावर आत करकर वाजणारा होस उन्हाळ्याआधी बदला. वरचा आणि खालचा सगळे बदलतात. बायपासचा छोटा होस आणि हीटरचे दोन विसरले जातात, आणि नेमके तेच रस्त्यात फुटतात. तारेचे जुने क्लिप काढून स्क्रूचे क्लॅम्प लावा.

थर्मोस्टॅटवरून गॅरेजच्या बाकड्यावर वाद ठरलेला. एक म्हणतो, 'काढी टाक नाना, गाडी थंडी राही.' दुसरा म्हणतो, 'मंग कंपनीवालास्नी कसाले बसाडा व्हता?' दुसऱ्याचं बरोबर आहे. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात इंजिन हव्या त्या तापमानाला येतच नाही. जळगाव-धुळ्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. उन्हाळ्यातही फायदा नाही: काही इंजिनांत बायपासची वाट बंद करायचं काम थर्मोस्टॅटच करतो, तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं. थर्मोस्टॅट खराब आहे का ते पाहायचं तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. पाणी उकळायच्या बरंच आधी तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा.

तीच गोष्ट 'फॅन डायरेक्ट' करण्याची. डॅशबोर्डवर स्विच बसवून फॅन हाताने चालवणाऱ्या गाड्या आपल्याकडे खूप आहेत. स्विच लावायचं राहिलं की संपलं. आणि घरातली गाडी एकटा माणूस चालवत नाही, मुलगा नेतो, जावई नेतो, त्यांना कोण सांगणार? कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० मध्ये तपासणी सोपी आहे. इंजिन गरम असूनही फॅन फिरत नसेल तर रेडिएटरजवळच्या थर्मोस्विचची वायर काढून तिच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा, इग्निशन चालू ठेवा. फॅन फिरला तर स्विच गेलाय, तो बदला. नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि मग फॅनची मोटर अशा क्रमाने पाहा. इंजेक्शनच्या गाडीत फॅन कॉम्प्युटर चालवतो, तिथे हा तारेचा प्रयोग करू नका.

रेडिएटरची गळती बंद करायला हळद टाकतात. रस्त्यात अडकलात, गावापर्यंत पोहोचायचंय, तर बारीक छिद्र हळदीने तात्पुरतं बुजतं हे खरं. पण तो गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या चांगल्या नळ्याही बुजवतो. घरी पोहोचल्यावर लगेच सगळं धुऊन काढा आणि गळती झाळून घ्या. बाटलीत मिळणाऱ्या गळतीबंद औषधांचंही तसंच.

काटा वर चढला तर

एसी बंद करा. काचा उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर. मे महिन्यात हे नको वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनाला मिळालेला दुसरा छोटा रेडिएटर आहे. सावली दिसेल तिथे बाजूला घ्या. वाफ येत नसेल, कूलंट सांडत नसेल आणि फॅन फिरत असेल तर एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, काटा उतरतो. वाफ निघते आहे, खाली धार लागली आहे किंवा काटा लाल रेषेत आहे, तर तिथल्या तिथे इंजिन बंद. 'गाव दोनच किलोमीटर शे' म्हणून दामटायचं नाही. त्याच दोन किलोमीटरांत ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. नंतरही जाड फडकं टाकून, आधी थोडं फिरवून दाब जाऊ द्या, मग उघडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, अंगावरूनही मारू नका. हेडला चीर जाते.

गाडी एकदा जोरात तापली असेल तर पुढचा आठवडा बारीक लक्ष ठेवा. ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस, सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे, इंजिन थंड असतानाच टणक झालेला वरचा होस, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही न सांडता कमी होणारं कूलंट: यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरा आणि लगेच तपासून घ्या. पहाटे थंडीत नुसता पांढरा धूर येतो, दोन मिनिटांत थांबतो, ती साधी वाफ, त्याने घाबरू नका. गॅस्केट बदलताना हेड लेथवर नेऊन फेसिंग करायला सांगाच. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळले जातात का, हे उभं राहून पाहा.

रुई, धूळ आणि फिल्टर

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रस्त्यावर कापसाच्या गाड्या असतात आणि जिनिंगच्या आसपास रुई उडत असते. हे तंतू एसीच्या कंडेन्सरवर आणि रेडिएटरच्या जाळीत चिकटतात, त्यावर किडे आणि धूळ बसते आणि नमद्यासारखा थर होतो. बाहेरून बघितलं तर जाळी ठीक दिसते. थर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. फॅनची चौकट चार बोल्ट काढून उतरवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की जाळीची पानं आडवी होतात आणि हवा कायमची अडते.

एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यात बदला. शेतरस्त्याला दर दोन-अडीच हजार किलोमीटरला काढून आतून बाहेर हवा मारा, बाहेरून आत नाही. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. बसवताना डब्याचं रबर नीट बसलं का पाहा. तिथून गेलेली काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

ऑइल आणि पट्टे

छोट्या तीन सिलिंडरच्या मारुतीत फिल्टरसकट साधारण पावणेतीन ते तीन लिटर ऑइल लागतं. डबा मोजून नाही, डिपस्टिक पाहून भरा: सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला आपल्या हवेत २०डब्ल्यू४० चालतं. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच द्या. ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. गाडी उभी असली तरी ऑइल जुनं होतं.

टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचा विषय मात्र टाळू नका. ८००, जुनी ऑल्टो, १.१ लिटरची जुनी वॅगन आर, सँट्रो यांत पट्टा आहे. के-सिरीजच्या मारुतीत चेन आहे. पट्टा तुटायच्या आधी आवाज देत नाही आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे पट्टा बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पट्ट्याबरोबर टेन्शनर बेअरिंगही बदला. किलोमीटर झाले नसले तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, आपल्या उन्हात लवकरच. फॅन बेल्टवर (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यावर) मधोमध अंगठा दाबला की अर्धा ते एक सेंटिमीटर दबायला हवा. ८०० मध्ये वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे ढिला पट्टा म्हणजे बॅटरीही उतरणार आणि गाडीही तापणार.

पेट्रोल

'तुनी गाडी कितलं ॲव्हरेज देस?' हा प्रश्न दोन जुन्या गाड्यांचे मालक भेटले की पहिल्या मिनिटात येतोच. 'मनी तं वीस देस' असं सांगणाऱ्याला मोजलं कसं ते विचारा. टाकी पंपाचा नोझल आपोआप थांबेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि भागाकार करा. सलग तीन वेळचा सरासरी आकडा खरा. इंडिकावाला मध्येच 'आम्ही डिझेलवाले' म्हणून कॉलर ताठ करेल, त्याला इंजेक्टर आणि डिझेल पंपाच्या दुरुस्तीचा खर्च विचारावा, गप्पा बरोबरीला येतात.

२०२५ पासून पंपावरचं साधं पेट्रोल बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरणारच. जुन्या गाडीत खरी काळजी रबराची आहे. पेट्रोलचे जुने होस, मेकॅनिकल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची रबरं इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी तुकडे एकदाच काढून इथेनॉलला चालणारे होस टाका. पेट्रोलचा वास येतो आहे तोवर गाडी बाजूलाच ठेवा, गरम सायलेन्सर तिथून हातभरावर असतो. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, म्हणून फिल्टर बदला आणि पुढच्या हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा बदला.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओलसर हवा जास्त असते. नवापूरकडची मंडळी गुजरातचं पेट्रोल स्वस्त म्हणून पलीकडे जाऊन भरतात, टाकीत भरा, पण प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये डिकीत घालून आणू नका.

कार्ब्युरेटरच्या गाडीचा उन्हाळ्यातला खास त्रास असा: गाडी छान चालते, लग्नाच्या मांडवाशी दहा मिनिटं थांबते, मग सुरूच होत नाही. पाऊण तासाने आपोआप होते. पेट्रोलची नळीत वाफ होते म्हणून हे घडतं. इंजिनावरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका, पाच-दहा मिनिटांत सुरू होईल. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब वळवून वर उष्णतारोधक गुंडाळी घालणं. प्लगची फट कार्ब्युरेटर-पॉइंटवाल्या गाडीत ०.७ ते ०.८ मिलिमीटर, पॉइंटची ०.४ ते ०.५.

बॅटरी आणि टायर

'बॅटरी थंडीत जास' असं सगळे म्हणतात. ती कळते थंडीत, बिघडते उन्हात. बोनेटखालच्या उष्णतेने पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. झाकणं असलेल्या बॅटरीत मार्च ते जून दर महिन्याला प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर डिस्टिल्ड वॉटर असल्याचं पाहा. आरओच्या जारचं पाणी चालत नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. घरात मल्टिमीटर असेल तर सकाळी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सुरू केल्यावर १३.८ ते १४.५. चालू गाडीत १३.५ च्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा पाहा, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर आखाजीला भरलेल्या गाडीखाली ठेवू नका. हवा सकाळी, थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. दुपारी वाढलेली हवा काढायची नसते. उन्हात फुटण्याचं खरं कारण बहुधा कमी हवा आणि जास्त माणसं हेच असतं. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी पाहा.

पावसाळा, काळी माती आणि शेत

काळी माती चाकाच्या कमानीत आत चिकटते आणि आठवडाभर ओली राहते. ८०० आणि जुनी ऑल्टो गंजतात ती इथून, पायपुसणीखालच्या तळातून, स्टेपनीच्या खड्ड्यातून, दारांच्या खालच्या कडेतून आणि बॅटरीच्या ट्रेखालून. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. कमानी आतून धुवा, सुकवा. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, प्रायमरचे दोन हात द्या, मगच काळं अंडरकोटिंग. गंजावर थेट कोटिंग मारलं तर आत तो खातच राहतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळ, बोनेटखाली, पत्र्याला भोक पडलं असेल तर मात्र रंगरंगोटी बंद. तिथे पत्रा कापून वेल्डिंगच हवं, कारण सगळं वजन त्यावर आहे.

रावेर-यावलकडे गाडीत केळी टाकण्याआधी सीटवर आणि डिकीत ताडपत्री अंथरा. घडाच्या दांड्यातून गळणारा चीक कापडावर काळा पडतो आणि मग कशानेही निघत नाही. शेंगा, ज्वारी, पेंड गाडीत रात्रभर ठेवू नका. उंदीर त्या वासाने येतात आणि जाताना इंजिनाची वायरिंग कुरतडतात. शेतावर गाडी राहत असेल तर बोनेट रात्री उघडं ठेवणं हा खरा उपयोगी उपाय आहे, कारण उंदराला अंधारी बंद जागा हवी असते. डांबरगोळ्यांनी आठवडाभर फरक पडतो, पुढे नाही. एसी-ब्लोअरच्या हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवा. हिवाळ्यात भरीत पार्टीला बांधावरून गाडी नेताना ऑइलची टाकी दगडाला लागते. आवाज आला तर थांबून खाली वाकून पाहा, ऑइलचा दिवा लागायची वाट पाहू नका.

घाट

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना भरलेल्या ८०० ला तिसऱ्यात घुसमटत ओढू नका. दुसऱ्यात थोड्या जास्त आरपीएमवर इंजिन मोकळं चालतं, वॉटर पंपही वेगाने फिरतो. एसी पायथ्यालाच बंद. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल स्पंजासारखं होतं. ब्रेक ऑइल हवेतून पाणी धरतं, तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी संपूर्ण ब्रेक ऑइल बदला. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच वापरा. तोरणमाळला जायचं असेल तर त्याआधी मागचे ड्रम उघडून आतली धूळ काढून लायनर पाहून घ्या.

इंजिन बांधायचं की नाही

धूर पाहून घाई करू नका. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, कमी खर्चाचं काम. वेग घेताना सतत निळा धूर असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे जास्त पेट्रोल: कार्ब्युरेटर, चोक, एअर फिल्टर पाहा. इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी) मागा. सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिन उघडायचं कारण नाही. एखादा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा: दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. चांगल्या पत्र्याची गाडी असेल तर इंजिनावर पैसे घाला. पत्रा सडलेला असेल तर घालू नका, इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला सांगाडा बांधता येत नाही.

कागद

१५ वर्षं पूर्ण होताना आरसीचं नूतनीकरण करावं लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ५,००० रुपये आहे, २० वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. हरित कर वेगळा. पीयूसी बीएस-४ च्या आधीच्या गाडीला सहा महिन्यांची मिळते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते. गॅस किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

एमएच-१८, १९ किंवा ३९, कुठल्याही आरटीओत तपासणीला जायच्या आधी घरी चेसिस नंबर शोधून ठेवा. छोट्या मारुतीत तो बोनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि तेलकट धुळीखाली दडलेला असतो. केरोसीनचं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. पॉलिश पेपर लावू नका. अक्षरं पुसट झाली तर नंबर खोडला की काय असा संशय येतो आणि काम महिनोन्‌महिने अडकतं. त्यावर पुसट ग्रीसचा हात मारून ठेवा, पाच वर्षांनी पुन्हा तोच दाखवायचा आहे.